पेट्रोल-डिझेलची भाववाढ आणि आपली किनारपट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या एका बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत बावीस वर्षं मी डिझेलचं रजिस्टर लिहिलं. त्यामुळे पंपावरचा आकडा हलला की लोक आमच्या ओटीवर येतात, जणू भाव मीच वाढवलाय. तेच प्रश्न, तीच उत्तरं. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, एकदाच लिहून टाका." म्हणून हे. आजचा दर मात्र इथे शोधू नका, तो पंपाच्या फलकावर असतो.

दर नक्की कोण ठरवतं?

कागदावर, तेल कंपन्या. पेट्रोलचा दर जून 2010 मध्ये सरकारनं मोकळा केला, डिझेलचा ऑक्टोबर 2014 मध्ये. 16 जून 2017 पासून तर देशभर रोज सकाळी नवा दर लावायची पद्धत आली. म्हणजे बाजार जसा हलेल तसा आकडा हलायला हवा.

कागदाबाहेरची गोष्ट वेगळी. 4 नोव्हेंबर 2021 पासून पुढे 137 दिवस दर जागचा हलला नाही. मधेच रशिया-युक्रेन युद्ध पेटलं, कच्चं तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर गेलं, तरी नाही. त्या दिवसांत उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. 10 मार्च 2022 ला निकाल लागले, 22 मार्चपासून दर वाढायला लागले आणि 6 एप्रिलपर्यंत लिटरमागे दहा रुपये चढले. मुंबईत पेट्रोल 120 रुपये 51 पैशांवर गेलं. बाजार मोकळा आहे, पण आचारसंहिता पाळतो.

"रोज वाढता, मगे रोज उतरणा कित्याक नाय?"

हा प्रश्न आमच्या बंदरावरच्या एका तांडेलाचा, म्हणजे होडीच्या कप्तानाचा. इतका सरळ प्रश्न मी विधानसभेच्या कामकाजातही वाचलेला नाही.

एप्रिल 2020 आठवा. टाळेबंदी होती, जगात तेल कोणी घेईना, आपण घेतो त्या कच्च्या तेलाचा भाव पिंपाला 20 डॉलरच्या आसपास आला. पिंप म्हणजे 159 लिटर. खरं तर त्या दिवसांत डिझेल पाण्याच्या भावानं मिळायला हवं होतं. झालं काय? मार्चमध्ये केंद्रानं उत्पादन शुल्क तीन रुपयांनी वाढवलं, मे महिन्यात पेट्रोलवर आणखी दहा आणि डिझेलवर तेरा. उतरलेला भाव आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच वाटेत उचलला गेला. पुढे कच्चं तेल पुन्हा वर गेलं तेव्हा ते शुल्क तिथेच होतं आणि वाढ आपल्या डोक्यावर आली.

2014 च्या सुरुवातीला डिझेलवर केंद्राचं शुल्क लिटरमागे 3 रुपये 56 पैसे होतं. मे 2020 मध्ये ते 31 रुपये 83 पैसे झालं. नंतर नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये दोनदा कपात होऊन ते 15 रुपये 80 पैशांवर आलं. कपातीच्या दिवशी पेढे वाटणाऱ्यांना मी एवढंच विचारलं होतं की मूळ आकडा आठवतोय का.

एप्रिल 2025 मध्ये परत तोच प्रयोग. कच्चं तेल 65 डॉलरच्या आसपास उतरलं, केंद्रानं शुल्क दोन रुपयांनी वाढवलं आणि पंपावरचा दर तसाच ठेवला. "ग्राहकावर बोजा नाही" असं त्याचं वर्णन झालं. जो भाव खाली यायला हवा होता तो आला नाही, याला बोजा म्हणायचं नसतं.

जुन्या सरकारनं काढलेल्या ऑइल बाँडचं कर्ज फेडावं लागतंय म्हणून हे होतंय, असं ऐकलं. खरं का?

बाँड खरे आहेत: दर कमी ठेवल्याची भरपाई म्हणून सरकारनं तेल कंपन्यांना रोख पैशाऐवजी दिलेली कर्जपत्रं. 2005 ते 2010 या काळात काढलेले, मुद्दल सुमारे 1.3 लाख कोटी, फेड 2026 पर्यंत पसरलेली. आता दुसरा आकडा: एकट्या 2020-21 या वर्षात केंद्राला पेट्रोलियमवरच्या उत्पादन शुल्कातून सुमारे 3.7 लाख कोटी मिळाले. वीस वर्षांचं कर्ज एका वर्षाच्या वसुलीच्या निम्म्याहून कमी आहे. पुढचं गणित तुमचं तुम्ही करा.

मग दोष केंद्राचा की राज्याचा?

दिल्लीला विचारलं तर मुंबईकडे बोट, मुंबईला विचारलं तर दिल्लीकडे. दोघांचाही थोडा थोडा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच हे भांडण कधी संपत नाही.

केंद्राच्या शुल्काचा मोठा भाग उपकर आणि विशेष शुल्क या नावांनी घेतला जातो. त्यात राज्यांना वाटा नसतो. वाटणीत येणारं मूळ शुल्क 2021 पासून पेट्रोलवर लिटरला 1 रुपया 40 पैसे आणि डिझेलवर 1 रुपया 80 पैसे एवढंच राहिलंय. म्हणजे राज्य म्हणतं की आमच्या हाती काही येत नाही, ते अगदी खोटं नाही.

पण आपलं राज्यही काही साधं नाही. महाराष्ट्राचा मूल्यवर्धित कर पेट्रोलवर 25 टक्के, डिझेलवर 21 टक्के, आणि पेट्रोलवर लिटरमागे ठरावीक अधिभार वेगळा. मुंबई-ठाणे-नवी मुंबईत मूल्यवर्धित कर थोडा जास्त होता, 2024 च्या अर्थसंकल्पात बाकी राज्याच्या बरोबरीला आणला. आपल्याला त्या वेळी काही मिळालं नाही, कारण आपण आधीच "बाकी राज्य" होतो.

अधिभाराचा इतिहास तर वाचण्यासारखा आहे. 2015 मध्ये दुष्काळासाठी दोन रुपये लावले. दुष्काळ मराठवाड्यात, पैसे भरायला आम्हीही होतो; त्याबद्दल तक्रार नाही. पुढे पाऊस पडला, दुष्काळ सरला, पण अधिभार काही सरला नाही. 2017 मध्ये महामार्गालगतची दारूदुकानं न्यायालयाच्या आदेशानं बंद झाली, महसूल बुडाला, म्हणून पेट्रोलवर तीन रुपये वाढले. न पिणाऱ्यानं पिणाऱ्याची उधारी फेडली असा हा जगातला दुर्मीळ प्रकार असावा. जून 2020 मध्ये टाळेबंदीचे दोन रुपये आले. जुलै 2022 मध्ये नवं सरकार बसल्यावर पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये कमी झाले, हेही नोंदवून ठेवतो.

जीएसटीत का घालत नाहीत?

कारण दोघांनाही नको आहे. कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन या पाच गोष्टी 1 जुलै 2017 पासूनच बाहेर ठेवल्यात. राज्यघटनेत सोय आहे: जीएसटी परिषदेनं तारीख सुचवायची. ती तारीख अजून कोणी सुचवलेली नाही.

गोव्यात पेट्रोल स्वस्त आहे. तिकडे जाऊन भरून आणावं का?

सावंतवाडी, बांदा, दोडामार्गवाल्यांचा हा आवडता प्रश्न. गोव्याचा कर कमी, म्हणून तिथे दर कमी. कामासाठी पेडणे-म्हापशाला जाताच आहात तर टाकी भरून या, कोण नाही म्हणतो.

पण मुद्दाम जायचं तर पाटी-पेन्सिल घ्या. समजा लिटरमागे आठ रुपयांचा फरक आहे आणि स्कूटरमध्ये पाच लिटर मावतात. वाचले चाळीस. जाऊन-येऊन तीस किलोमीटर पडले तर पाऊण लिटर जळलं, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर रुपये. वर तिकडे गेल्यावर कोणी नुसतं पेट्रोल भरून परत येत नाही, हे मी सांगायला नको.

आणि प्लास्टिकच्या कॅनमधून आणू नका. नियमात बसत नाही हे सोडाच, मे महिन्याच्या उन्हात डिकीत पेट्रोलचा कॅन ठेवणं म्हणजे शिमग्याआधी होळी.

रिफायनरी आली असती तर आपल्याकडे पेट्रोल स्वस्त झालं असतं ना?

नाही. नाणारला वर्षाला 6 कोटी टनांचा प्रकल्प येणार होता, 2019 मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं, मग बारसू-सोलगावचं नाव आलं आणि एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणावेळी तिथल्या कातळाच्या सड्यावर गावकरी आणि पोलिसांत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. प्रकल्प हवा की नको, यावर आमच्या घरातही दोन मतं आहेत आणि जेवताना तो विषय काढायचा नाही असा ठराव आहे. पण स्वस्त पेट्रोलचं गाजर मात्र खोटं. कारखान्यातून निघणाऱ्या तेलाचा भाव आंतरराष्ट्रीय बाजारावर ठरतो आणि कर सगळीकडे तोच. मुंबईत माहुलला दोन-दोन रिफायनऱ्या आहेत. चेंबूरच्या माणसाला त्या धुराबद्दल कधी सवलत मिळाल्याचं ऐकलंय का?

होडीच्या डिझेलवरचा कर परत मिळतो म्हणतात. मग मच्छीमारांना काय तोटा?

इथे जरा सावकाश वाचा, कारण माझं अख्खं आयुष्य या एका प्रश्नात गेलं.

यांत्रिक नौकेच्या डिझेलवरचा राज्याचा मूल्यवर्धित कर सरकार परत देतं. त्यासाठी नौकेची नोंदणी हवी, चालू मासेमारी परवाना हवा, मालक सोसायटीचा सभासद हवा. इंजिनाच्या ताकदीवरून डिझेलचा कोटा ठरतो. होडी बंदरातून डिझेल उचलते तेव्हा पूर्ण दर मोजते, करासकट. मग सोसायटी बिलं जमवते, पत्रकं भरते, वर पाठवते. वरून तपासणी, त्रुटी, फेरतपासणी, मंजुरी, आणि निधी आला तर पैसे.

निधी आला तर. सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. आमच्याकडे एका हंगामाचा परतावा यायला दुसरा हंगाम उलटून जायचा. एकदा कार्यालयानं सगळी पत्रकं परत पाठवली, कारण एका पानावर शिक्का उलटा बसला होता. कोणाचं कार्यालय ते लिहीत नाही. शिक्का उलटा होता हे मात्र खरं, कारण तो मीच मारला होता.

तोवर तांडेल काय करतो? ऑगस्टमध्ये होडी लोटायची तर डिझेल हवं, बर्फ हवा, जाळ्यांची डागडुजी हवी, खलाशांना आगाऊ उचल हवी. जून-जुलैची बंदी असते, दोन महिने कमाई शून्य. मग तो मासे घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचल घेतो. उचल घेतली की मासळी त्याच व्यापाऱ्याला, त्याच्याच भावात. सरकारकडे अडकलेल्या पैशाचं व्याज असं सुरमईच्या भावातून जातं. ते कुठल्या अर्थसंकल्पात दिसत नाही.

मार्च 2022 मध्ये तर कमाल झाली. किरकोळ पंपांवरचे दर निवडणुकीपायी रोखलेले, म्हणून कंपन्यांनी घाऊक ग्राहकांचं डिझेल एकदम लिटरमागे पंचवीस रुपयांनी वाढवलं. मच्छीमार सोसायट्या घाऊक ग्राहकांत मोडतात. धक्क्यावरच्या आमच्या पंपाला कुलूप लागल्यासारखं झालं आणि होड्यांची माणसं पिंपं टेम्पोत घालून रस्त्यावरच्या पंपावर रांगेत. तिथे डिझेल स्वस्त, पण तिथे घेतलं की परताव्याची कागदपत्रं अडतात. स्वस्त घ्यावं तर परतावा जातो आणि परतावा घ्यावा तर महाग पडतं. त्या महिन्यात बऱ्याच होड्या धक्क्यालाच राहिल्या.

मासे एवढे महाग झालेत, म्हणजे मच्छीमार कमावतच असतील?

पुण्यातले पाहुणे हे विचारतात, ताटात सुरमईची तुकडी असताना. किनाऱ्याजवळ मासळी कमी झाली, म्हणून होडी लांब जाते. लांब गेली की डिझेल जास्त, बर्फ जास्त, दिवस जास्त. एका फेरीला दोनशे लिटर लागतात असं धरा. 2022 मध्ये पंपावरचा दर दहा रुपयांनी चढला, त्या पंधरवड्यात फेरीचा खर्च दोन हजारांनी वाढला. मासळी मिळो न मिळो, डिझेल जळतंच.

आणि आंबा?

आंब्याला पेट्रोल लागतं हे खाणाऱ्याला माहीत नसतं. मोहोर आल्यापासून फवारण्या सुरू, पंप पेट्रोलवर. मग पेट्या गाडीत, गाडी वाशीला, डिझेलवर. भाडं वाढलं तरी वाशीचा भाव बागायतदाराला विचारून ठरत नाही. आवक वाढली की भाव पडतो, मग डिझेल नव्वद असो की शंभर.

एसटी परवडत नाही आता. भाडं का वाढतं?

25 जानेवारी 2025 पासून 14.95 टक्के वाढलं. त्याआधी ऑक्टोबर 2021 मध्ये 17.17 टक्के. एसटीचं सगळ्यात मोठं दुखणं पगार आणि डिझेल. बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, याचा आमच्या आईला फार आनंद. ती म्हणते, "फुकट हा, पण गाडी खंय हा?"

मला भाड्यापेक्षा हे जास्त सतावतं. पूर्वी वाडीत मुक्कामाची गाडी यायची, सकाळी सहाला निघायची. ती बंद झाली. आता कॉलेजला जाणारी पोरं मोटारसायकलवर, दवाखान्याला जाणारा म्हातारा रिक्षानं. सरकारनं जे डिझेल वाचवलं ते आम्ही पेट्रोलच्या रूपानं घरोघर जाळतो, आणि तेही तिघं एका गाडीवर बसून.

महामार्ग पूर्ण झाला की इंधन वाचेल असं म्हणतात. कधी होईल?

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. तेव्हा जन्मलेला आमचा पुतण्या दहावीच्या वयाला आला. दर गणपतीच्या आधी एक मंत्री पाहणीला येतो आणि एक तारीख देऊन जातो. खड्ड्यातून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडतखडत नेली की सरासरीचे तीनतेरा वाजतात, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

त्यातल्या त्यात दोन गोष्टी शहाणपणाच्या. कोकण रेल्वे 1999 पासून कोलाडहून वेर्णापर्यंत भरलेले ट्रक वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्यावर, चढवून नेते, ट्रकाचं डिझेल आणि ड्रायव्हरची पाठ दोन्ही वाचतात. आणि खाडीवरच्या फेरीबोटी. दाभोळ-धोपावे फेरीनं दापोलीहून गुहागरला जायला चिपळूणचा वळसा वाचतो. बाकी रेवस-रेडी सागरी मार्गावरचे पूल आम्ही मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकतो आहोत.

गॅस सिलिंडर महागला. चूल पुन्हा पेटवायची का?

आमच्याकडे चूल विझली कुठे होती? आंघोळीचं पाणी अजून नारळाची सोडणं आणि वाळक्या चुडतांवरच तापतं. उज्ज्वला योजनेतल्या घरांना सिलिंडरमागे 300 रुपयांचं अनुदान ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालं. राज्याची वर्षाला तीन मोफत सिलिंडरांची अन्नपूर्णा योजना 2024 ची, ती उज्ज्वला आणि लाडकी बहीणवाल्यांसाठी. पैसे आधी भरायचे, मग खात्यात येतात. खातं आधारला जोडलंय का ते एकदा बँकेत बघा. दोन्हीत न बसणाऱ्या घरांचं अनुदान 2020 मध्येच गपचूप थांबलं. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं तेव्हा त्या घरातल्या बाईला काय वाटतं, ते तिलाच विचारा.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. त्यानं दर का नाही उतरला?

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या चारचाकीची सरासरी 6-7 टक्क्यांनी आणि दुचाकीची 3-4 टक्क्यांनी घटेल असं होतं, आणि त्या बदल्यात हे इंधन स्वस्त द्यावं अशी शिफारसही होती. पहिला भाग अमलात आला. ऊस घाटावरचा, त्या शेतकऱ्याला चार पैसे मिळाले तर बरंच आहे. आपल्यासाठी मुद्दा दमट हवेचा: इथेनॉल ओल धरतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर पडवीत उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. टाकीत पाणी साठलं की मेकॅनिकचं बिल पेट्रोलपेक्षा महाग पडतं.

सीएनजी किंवा विजेची गाडी घेऊ का?

दाभोळला परदेशातला वायू बोटीनं उतरतो आणि पाइपमधून पार बेंगळुरूपर्यंत जातो. रत्नागिरीतल्या रिक्षावाल्याला मात्र सीएनजीच्या रांगेत तास काढावा लागतो. त्याचा भाडं मारायचा वेळ धरला तर वाचलेले पैसे किती, हे त्याच्याकडूनच ऐका.

विजेची स्कूटर गावातल्या गावात उत्तम, माझ्या भाचीकडे आहे. फक्त 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे लक्षात ठेवून घरात एक जुनी पेट्रोलची गाडी राहू द्या.

पंपावर माप कमी मिळतंय असं वाटलं तर?

पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, ते पंपावर असावंच लागतं. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपरची चाचणी मागा. ऐकलं नाही तर वैधमापन कार्यालयात तक्रार. पंपावरच्या पोराशी मात्र भांडू नका, तो बिचारा बारा तास उन्हात उभा असतो.

आंदोलनानं काही होतं का?

बैलगाडी मोर्चे सगळ्याच पक्षांनी काढलेत. विरोधात असताना प्रत्येकाला बैलगाडी आठवते, सत्तेत गेल्यावर बैल सोडून देतात. निकालांनी मात्र काम होतं. 2 नोव्हेंबर 2021 ला पोटनिवडणुकांचे निकाल लागले आणि 3 तारखेला संध्याकाळी पेट्रोलवर पाच, डिझेलवर दहा रुपयांची कपात जाहीर झाली. योगायोग म्हणा हवं तर.

तुम्ही स्वतः काय केलंत?

मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. आमच्या सोसायटीचा रखडलेला परतावा कोणत्या टेबलावर आहे, एवढंच विचारलं. फी दहा रुपये. काही दिवसांनी पत्र आलं: विषय आमच्याकडचा नाही, अर्ज कलम 6(3) खाली अमुक कार्यालयाकडे वर्ग केला आहे. मग त्या कार्यालयाचं पत्र आलं: कागदपत्रं येऊन पाहावीत. गेलो. साहेब दौऱ्यावर होते. पुन्हा गेलो. फाइल सापडली, त्यात आमचं पत्रक होतं, उलट्या शिक्क्यासकट. जिल्ह्याच्या गावाला दोनदा जाऊन-येऊन स्कूटरनं सात लिटर पेट्रोल प्यायलं. त्या पेट्रोलवरचा कर परत मागायची सोय आहे का, ते विचारायचं राहिलं.